मालवणात जलरंगांचं प्रदर्शन भरवताना

गेल्या २६, २७ आणि २८ डिसेंबरला मालवणात माझ्या जलरंगचित्रांचं प्रदर्शन झालं. मी चित्रकार वगैरे नाही. आमचं औषधांचं दुकान आहे, ते दुपारी एक ते चार बंद असतं आणि त्या वेळात मी रंगवते. शिक्षण म्हणाल तर शाळेत दिलेल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा. प्रदर्शनाचं ठरल्यावर माहिती शोधली, तर मिळालं ते सगळं मुंबई-पुण्याचं: जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज कसा करायचा, गॅलरीवाल्यांशी कसं बोलायचं. तालुक्याच्या गावात, खाऱ्या हवेत आणि नगरपालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर हे कसं जमवायचं, ते कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

विषय निघाला जुलैत. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग होते. गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. दुकानात काउंटरच्या मागे मी रंगवलेलं जेटीवरून दिसणाऱ्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं एक चित्र टांगलेलं होतं. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला येणारे थांबून विचारायला लागले, "वहिनी, ह्या तुमी काढलास?" त्यांच्यातच एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "घरात किती आहेत अशी? मांडा की एकदा सगळी." मी हसून विषय टाळला. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मांड गो. कपाटात ठेवून बुरशी खातली त्यांका." बुरशीचं त्यांचं म्हणणं खरंच होतं.

तर आधी बुरशीबद्दल, कारण कोकणात जलरंग करणाऱ्यांचं हे मुख्य दुखणं आहे. जलरंगाच्या कागदावर सायझिंग असतं, म्हणजे रंग एकदम आत मुरू नये म्हणून केलेलं लेपन. दमट हवेत कागद पडून राहिला की ते मरतं आणि मग कागद टिपकागदासारखा रंग पितो. धुवट छटा द्यायला जावं तर डाग उठतात. मी ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद वापरते. २२ बाय ३० इंचांच्या मोठ्या तावाचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चं एक चित्र होतं. हे तुकडे पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते आणि मध्ये मध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकते. गोळ्यांच्या डब्यांतून निघणाऱ्या या पुड्या आमच्याकडे ढिगाने पडतात. तुमच्याकडे मेडिकल नसेल तर ओळखीच्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवा, तो एरवी फेकूनच देतो.

जुनी चित्रं बाहेर काढल्यावर निम्मी बाद करावी लागली. काहींवर पिवळे ठिपके होते. काहींतला अलिझरिन क्रिमसन उडून गेला होता. हा गुलाबीकडे झुकणारा लाल रंग उजेडात टिकत नाही. उरलेल्यांत किल्ला, किल्ला आणि किल्ला. म्हणजे सप्टेंबरपर्यंत नवीन चित्रं करणं आलं.

पावसाळ्यात बाहेर बसून काम होत नाही, असं सगळे सांगतात. मला उलट जून-जुलैचे दिवस सोयीचे वाटतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि हलत नाहीत. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर एखाद्या पडवीत बसायचं आणि समोरची होडी निवांत काढायची. फक्त रंग वाळत नाही. पहिला हात दिल्यावर दुसरा देण्याआधी अर्धा तास सहज जातो, मग कुणाशी तरी गप्पा होतात. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जायला लागल्या की हे सुख संपतं.

समुद्राची चित्रं करणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्यावं. सकाळी दहा वाजता कातळ काढायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी दहालाच आलात, तर तो कातळ तिथे नसतो. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आमच्याकडचे मच्छीमार तिथीला पाऊणने गुणतात: चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा हिशोब जुळणार नाही, पण चित्राला पुरतो. मी कॅलेंडरवर तिथी बघून जागा ठरवायला लागले. किल्ल्याच्या तटाखालचे खडक अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला सर्वांत जास्त उघडे पडतात, तेव्हा तो तट केवढा उंच आहे हे कळतं.

किल्ल्यात बसून काढायचं होतं, त्याची ही माहिती. होडी पावसाळ्यात बंद असते, मी सप्टेंबरमध्ये गेले. सिंधुदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे, त्यामुळे स्टँड लावून बसायला परवानगी लागेल का, हा प्रश्न होता. जेटीवर एक म्हणाला लागते, दुसरा म्हणाला कायच नको. शेवटी आत पहाऱ्यावर असलेल्या माणसालाच विचारलं. तो म्हणाला, "फळी मांडयेर घेवन बसा, हरकत नाय. स्टँड लावूचो झालो तर लेटर हाडा." मी फळी मांडीवर घेऊन काम केलं. पाण्याची बाटली, दोन ब्रश, बारा रंगांची छोटी डबी आणि क्लिपा लावलेली प्लायची फळी, एवढंच सामान. धुतलेलं रंगाचं पाणी तिथे ओतायचं नाही, रिकाम्या बाटलीत परत आणायचं. आणखी एक: होडीवाले साधारण तासाभरात परत यायला सांगतात. तासात स्केच होतं, चित्र नाही. चढतानाच "मी मागल्या होडीन येतंय" असं सांगितलं तर ते ऐकतात, पण शेवटची होडी किती वाजता सुटते ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.

किल्ल्याचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं आणि १६६७ ला पुरं झालं हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण दरवाजा काढायला बसलं की त्या बांधणीतली हुशारी हाताला कळते. दोन बुरुजांच्या मध्ये तो असा वळवून लपवला आहे की होडीतून तो दिसतच नाही, नुसता तट दिसतो. माझ्या पहिल्या कच्च्या चित्रात म्हणूनच दरवाजा नाही, आणि मी तो मुद्दाम घातला नाही.

जांभ्या दगडाचा रंग हा वेगळा विषय आहे. पर्यटकांसाठीच्या चित्रांत जांभा विटेसारखा लालभडक असतो. तसा तो फक्त खाणीतून नुकताच काढलेला असताना दिसतो. जुन्या गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, राखाडी बुरा चढलेला असतो, पावसात त्यावर शेवाळ येतं आणि उन्हाळ्यात ते काळं पडतं. मी बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळते आणि कागद ओला असतानाच वर चिमूटभर मीठ टाकते. मीठ रंग ओढून घेतं आणि जांभ्याच्या भोकांसारखी नक्षी आपोआप पडते. वाळल्यावर मीठ पूर्ण झटकायचं, नाहीतर ते आमच्या हवेत पाणी धरतं आणि फ्रेमच्या आत डाग पडतो.

सप्टेंबरअखेर २८ चित्रं निवडली. मालवणची बरीचशी. बाकी धामापूरचा तलाव, आचऱ्याचं रामेश्वर मंदिर, वेंगुर्ल्याचं बंदर, सावंतवाडीचा मोती तलाव, आणि काही नुसत्या पाणंदी व खळी, ज्यांना नाव नाही.

सभागृहाचा अर्ज १८ सप्टेंबरला दिला होता. सभागृहाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं मदत करणारी होती, अडलं ते नियमांत. साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स, कार्यक्रमाचं स्वरूप, आणि "प्रवेश विनामूल्य" असं स्पष्ट लिहिलेलं हमीपत्र. विक्री होणार असेल तर तेही आधीच लिहा. व्यावसायिक वापराचं भाडं वेगळं असतं आणि नंतर वाद नको. मला भाडं पडलं दिवसाला १५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, तीन दिवसांचे मिळून ५३१०. अनामत ५००० वेगळी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, ही अट. तारखा मिळाल्या २१ ते २३ नोव्हेंबर.

मग ४ नोव्हेंबरला नगरपालिका निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. दोन दिवसांनी फोन आला, सभागृह निवडणुकीच्या कामाला लागेल, तारखा देता येणार नाहीत. भांडायला जागाच नव्हती. त्या रात्री मला वाटलं, जाऊ दे, एवढा आटापिटा कशाला, सगळ्या फ्रेमा घरी आलेल्या, पुढच्या खोलीत चालायला वाट नाही, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण "कधी आसा?" विचारतोय. निमंत्रणपत्रिका मात्र छापल्या नव्हत्या, ते प्रेसवाल्या काकांचं शहाणपण. ऑक्टोबरातच म्हणाले होते, "निवडणूक येतली. थांबा वायच."

मतदान २ डिसेंबरला झालं. मतमोजणी दुसऱ्या दिवशी होणार होती, ती २१ डिसेंबरवर गेली. म्हणजे त्याआधी काही होणं शक्य नव्हतं. पण २१ ला पौष लागलेला होता, पौषात आपल्याकडे लग्नं नाहीत, त्यामुळे सभागृह मोकळं होतं. शुक्रवार ते रविवार, २६ ते २८ डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत पर्यटकही असतात. जुनी पावतीच नव्या तारखांना लावून घ्यायला एक पानी अर्ज पुरला. त्यावर शिक्का मारून पोच घ्या. लहान गावात तारीख ठरवताना आणखी एक बघावं लागतं, ते म्हणजे आसपासच्या जत्रा. कार्तिक-मार्गशीर्षात रोज कुठल्या ना कुठल्या गावात दहिकाला, म्हणजे देवळाची जत्रा, असते, आणि दशावतारी नाटकाच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी चित्रं बघायला कुणी उठत नाही.

फ्रेमा कुडाळला केल्या. एकेक ७८० रुपये, सगळ्या मिळून २१,८४०. हा सर्वांत मोठा खर्च आणि इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. काच चित्राला टेकता कामा नये, म्हणून दोन इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, हवाच. टेकली तर दमटपणाने रंग काचेला चिकटतो. माउंटबोर्ड आम्लरहित मागा, साधा पुठ्ठा दोन पावसाळ्यांत चित्राभोवती पिवळी कड आणतो. लाकडी पट्टीऐवजी मी फायबरची घेतली, वाळवीचा प्रश्न मिटला. मागची बाजू टेपने बंद करून आत एक सिलिकाची पुडी. फ्रेमवाले काका आधी हसले, "वहिनी, चित्राक गोळये देतास?" नंतर त्यांनीच अर्धा किलो पुड्या मागून घेतल्या.

मांडणीसाठी मांडववाल्याकडून कापड लावलेल्या लाकडी चौकटी घेतल्या, ४२०० रुपये. चित्रं टांगायला मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, वापरला. तो दिसत नाही, वजन पेलतो आणि आमच्या बाजारात केव्हाही मिळतो. ट्यूबलाइटचा उजेड काचेवर चमकत होता, म्हणून फ्रेमेचा वरचा भाग किंचित पुढे झुकवला आणि जादा दिवे आणले, त्याचे २६०० गेले. टेम्पो १८००, पत्रिका आणि चित्रांखालच्या पट्ट्या १४५०, चहा १९००, छापील प्रती आणि पोस्टकार्डं ६३००. भाडं धरून एकंदर ४५,४०० झाले.

उद्‌घाटन माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी केलं. दहा मिनिटांत आटोपलं, ते बरं झालं.

आता लोकांबद्दल. ओळखीच्या जागांची चित्रं ओळखीच्या लोकांसमोर मांडणं फार कठीण आहे, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. मुंबईचा माणूस चित्रासमोर उभा राहून "किती सुंदर" म्हणतो. मालवणचा माणूस मोजणी करतो. दांडीवरचे एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, आले, होडीच्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझी होडी निळी खंय आसा? हिरवी आसा ती." मी जुलैत काढली तेव्हा निळीच होती. त्यांनी मान्य केलं, सप्टेंबरात रंगवली होती. पण निळं चित्र त्यांना नको होतं. एका आजींना पाणंदीचा गडगा पटला नाही. "हो गडगो येवडो सरळ खंय? मदी ढासळलेलो आसा मां." तिथे मी ढासळलेला भाग कागदाबाहेर सोडला होता, त्यांनी बरोबर पकडलं. किल्ल्याच्या चित्रापुढे दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं. दोन फांद्यांचा माड नक्की कुठल्या बाजूला होता, आणि वीज पडून फांदी गेली ती कोणाच्या लहानपणी. माझ्या चित्रात तो माड नव्हताच. अर्धा तास वाद चालला आणि मला काही विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही.

निळ्या ताडपत्रीवर सर्वांत जास्त बोलणी खाल्ली. पूर्वी पावसाळ्यात होड्या माडाच्या झापांनी शाकारत, आता निळं प्लास्टिक घालतात, मी ते जसं आहे तसं काढलं. "तेवढा प्लास्टिक काढलास नाय तर चित्र बरा दिसला असता," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला नाही पटत. कौलारू घराशेजारचा मोबाइल टॉवर, जेटीवरच्या स्कूबाच्या पाट्या, ताडपत्री हे सगळं पुसून कोकण रंगवायचं ठरवलं, तर मग जागेवर जाऊन बसायचं कशाला? कॅलेंडरवरून काढता येईल. या बाबतीत पर्यटक आणि गाववाले दोघंही एका बाजूला होते आणि मी दुसऱ्या. एक कॉलेजची मुलगी मात्र टॉवरचं चित्र बघून म्हणाली, "हा आमच्या घराच्या मागचा!" तिने त्याच्यासमोर फोटो काढून घेतला.

धामापूरच्या तलावापाशी लोक सर्वांत जास्त थांबले. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून नोंदला गेला. गावातल्या एका शिक्षकांनी मुलांना चित्रासमोर उभं करून ही सगळी माहिती सांगितली. मी नुसतं काठावरच्या देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब काढलं होतं, तेही ओल्यावर ओला रंग सोडून, त्यामुळे देऊळ थोडं विरघळल्यासारखं झालं आहे. मुलांना ते पाऊस पडतोय असं वाटलं. तेही चालेल.

किंमती ठरवणं अवघड गेलं. फ्रेमेसकट एका चित्राला ३५०० ठेवले. नातेवाइकांना किती, हा प्रश्न येतोच. त्यांच्यासाठी छापील प्रती २५० रुपयांना ठेवल्या होत्या आणि "मूळ चित्र हवं तर भाव तोच" असं हसत सांगितलं. घासाघीस करणारे होते, विशेषतः ज्यांच्या गाड्या मोठ्या होत्या. नऊ चित्रं विकली गेली, छापील प्रती आणि पोस्टकार्डं धरून खर्च निघाला आणि वर तीनेक हजार उरले. होडीवाल्या काकांना त्यांच्या हिरव्या होडीचं वेगळं चित्र करून द्यायचं कबूल केलं आहे, मोबदल्यात सुरमई.

पैसे घ्यायला क्यूआर कोड पुरतो, पण छापील पावती पुस्तक ठेवाच, बाहेरगावचे लोक मागतात. जीएसटी क्रमांकाची चौकशी आमच्या दुकानाच्या सीएंकडे केली होती. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. दुसरा व्यवसाय नसेल तर हौशी माणसाचा संबंध येत नाही. आमचं दुकान नोंदणीकृत आहे, पण ते नवऱ्याच्या नावावर, म्हणून हिशोब वेगळे ठेवले.

पोस्टकार्डं छापल्यामुळे कॉपीराइटचंही पाहिलं. चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी किल्ल्याच्या चित्रासाठी केली. ऑनलाइन फॉर्म १४, कलाकृतीला ५०० रुपये शुल्क. वस्तूंवर वापरायच्या चित्राला २००० आणि वर ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखला लागतो. भरल्यावर डायरी नंबर मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्यानंतर तपासणी. माझं अजून तिथेच आहे.

शेवटी अनामत. रविवारी रात्री चौकटी काढून झाल्यावर शिपायाकडून "सभागृह सुस्थितीत ताब्यात मिळाले" अशी सही तिथल्या तिथे घ्या, सोमवारवर ढकलू नका. परताव्याच्या अर्जाला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. तारखा बदलल्या असतील तर त्या पोच अर्जाची प्रतही जोडा. रद्द केलेला चेक दिला नाही तर खात्यात पैसे येत नाहीत. मी २९ डिसेंबरला अर्ज दिला, रक्कम २३ जानेवारीला जमा झाली.